संगीत विभागाचं नेतृत्व वाटायचं म्हणजे नेमकं काय वाटायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यातल्या एका विद्यापीठाच्या संगीत विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या एका बाईंकडे यंदा विभागप्रमुखपद आलं आहे. कायम शिक्षक दोनच: त्या स्वतः आणि त्यांच्याहून वयाने-मानाने मोठे असलेले एक गायक. बाकीचे सगळे तासिका तत्त्वावरचे, शिवाय तबला आणि पेटीचे साथीदार. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम बसवायचा आहे आणि ज्येष्ठ गायकांना तो फारसा पटलेला नाही. त्या विचारतात, "सामूहिक नेतृत्व वगैरे प्रशिक्षणात ऐकायला बरं वाटतं. आमच्या विभागात ते चालेल का? सगळ्यांना विचारत बसले तर काहीच होणार नाही, आणि एकटीने रेटलं तर माझी मुदत संपताच सगळं पूर्ववत होईल."

चालेल. तुमच्यासारख्या छोट्या विभागात तर त्याशिवाय दुसरा मार्गच मला दिसत नाही. मात्र एक गोष्ट आधी पक्की करा. आपल्याकडे 'सगळ्यांना सोबत घेऊन चालणं' म्हणजे बहुतेक वेळा कामं वाटणं. वार्षिक संगीत सभा एकाकडे, नॅकची (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) फाइल दुसऱ्याकडे, प्रवेशप्रक्रिया तिसऱ्याकडे. कामं वाटली जातात आणि निर्णय मात्र प्रमुखांच्या खोलीतच होत राहतात. त्यात माणसं दमतात आणि विभाग आहे तिथेच राहतो. तुम्हाला वाटायचे आहेत ते निर्णय. ज्याच्याकडे काम दिलं त्याला त्या कामातला शेवटचा शब्द द्यायचा, तो कुठपर्यंत चालेल हे लिहून द्यायचं, आणि नंतर त्यात हात घालायचा नाही. विद्यापीठांच्या संगीत विभागांत शिकवण्यात आणि विभाग चालवण्यात माझं आयुष्य गेलं. तेवढ्या काळात जे बदल टिकलेले मी पाहिले, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे होतं.

"संगीतवाल्यांना हे सहज जमायला हवं, मैफलीत दुसरं काय असतं?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. ख्यालाच्या मैफलीत राग कोणता, लय केवढी, किती वेळ गायचं, तबलावादकाला हात मोकळा करायला कधी द्यायचं, हे सगळं मुख्य कलाकार ठरवतो, आणि बहुतेकदा नुसत्या नजरेने. साथीदाराने ते ओळखायचं असतं. मैफलीत ही रीत योग्यच आहे, कारण तिथे एका माणसाच्या मनातला राग उभा राहायचा असतो. अडचण अशी की तीच सवय घेऊन आपण विभागाच्या बैठकीत बसतो. सगळे जण मुख्य कलाकाराच्या नजरेकडे बघत राहतात आणि तो जे गाईल त्याला साथ करतात. बैठकीच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं जातं, आणि बाहेर पडल्यावर कॅन्टीनमध्ये खरी मतं ऐकू येतात.

त्यात नात्यांची गुंतागुंत. इतिहास किंवा रसायनशास्त्राच्या विभागात ती इतकी नसते. आपल्याकडे कनिष्ठ शिक्षक पुष्कळदा ज्येष्ठ शिक्षकाचा गंडाबंध (गुरूने रीतसर गंडा बांधून स्वीकारलेला) शिष्य असतो, निदान गुरुबंधू किंवा गुरुभगिनी तरी. सकाळी ज्यांच्या पाया पडलो त्यांच्याविरुद्ध दुपारी तीन वाजता बैठकीत हात वर करायचा, ही अपेक्षाच अवघड आहे. त्या शिष्याला भित्रा ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून माणसांना बदलायला जाऊ नका, बैठकीची रीत बदला. विषयपत्रिका आठवडाभर आधी द्या. महत्त्वाच्या विषयावर प्रत्येकाकडून अर्ध्या पानाचं टिपण मागवा आणि बैठकीच्या सुरुवातीला ही टिपणं नावं न घेता वाचून दाखवा. चर्चेत सगळ्यांत लहान व्यक्तीने आधी बोलायचं, ज्येष्ठांनी नंतर, आणि विभागप्रमुखांनी सर्वांत शेवटी.

एवढ्याने काय होतं ते सांगतो. पदव्युत्तर पहिल्या सत्राला राग किती ठेवायचे, यावर आमच्या विभागात वर्षानुवर्षं चर्चाच होत नसे. यादी लांबलचक होती आणि ती तशीच पुढे जायची. टिपणं मागवली तेव्हा दिसलं की एक अपवाद सोडता सगळ्यांनाच राग कमी करून तालीम खोल करायची होती. प्रत्येकाची समजूत अशी की लांब यादी इतरांना हवी आहे, आपण बोललो तर आपण आळशी ठरू. ज्या एकाला यादी हवी होती त्यांचं म्हणणंही वजनदार होतं: नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पुष्कळ रागांची तोंडओळख लागते. मग वाटणी झाली. मोजके राग सविस्तर गायचे, बाकीचे ऐकून ओळखायचे आणि त्यांची श्रवणपरीक्षा वेगळी घ्यायची. हा तोडगा एकट्या प्रमुखाला सुचला नसता, मलाही सुचला नव्हता.

सामूहिक नेतृत्व ही परदेशातून आलेली टूम आहे, असा आक्षेप तुमच्याकडे नक्की येईल. त्याला उत्तर द्यायला आपलाच इतिहास पुरेसा आहे. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली आणि १९०८ मध्ये मुंबईत. सगळा डोलारा एका माणसाच्या तेजावर आणि त्यांनी गाऊन मिळवलेल्या पैशावर उभा होता. मुंबईची इमारत कर्जात गेली. १९३१च्या ऑगस्टमध्ये पंडितजी वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही या शिष्यपरिवारातली नावं बघा. प्रत्येकाचा गळा निराळा, स्वभाव निराळा, आणि प्रत्येक जण स्वतःच्या नावावर संस्था चालवू शकेल असा. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात स्वतंत्र गांधर्व महाविद्यालय काढलंही, देवधरांची मुंबईतली शाळा तर १९२५ पासून होती. तरी अभ्यासक्रम आणि परीक्षा या दोन गोष्टी त्यांनी सामाईक ठेवल्या. कुणी कसं गायचं आणि शिष्याला तालीम कशी द्यायची, हे ज्याचं त्याच्याकडे राहिलं. प्रारंभिक ते अलंकार ही परीक्षांची शिडी आज गावोगाव ठाऊक आहे ती या वाटणीमुळे. काय सामाईक ठेवायचं आणि काय ज्याच्या त्याच्यावर सोपवायचं, हे ठरवण्यातच नेतृत्वाचं मोठं काम होऊन जातं.

या सामाईकपणाची किंमतही आपण मोजली आहे, ती लपवू नये. सगळीकडे एकच राग, एकच बंदिश, एकच आलाप-ताना लिहून घेणं, यात घराण्यांमधला फरक पुसट झाला. तुमचे ज्येष्ठ गायक नव्या अभ्यासक्रमाला विरोध करतात तेव्हा त्यांच्या मनात हीच धास्ती असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

विद्यापीठाच्या चौकटीत निर्णय वाटता येतात का? पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. नावातच 'गुरुकुल', संगीत, नृत्य आणि नाट्य एका छताखाली, आणि तालीम द्यायला गुरू म्हणून बाहेरचे जाणते कलावंत. १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुख होते नाटककार सतीश आळेकर. जिथे प्रमुख नाटकातले असतात तिथे त्यांनी भूप रागाची तालीम ठरवावी अशी अपेक्षाच कुणी करत नाही. तो निर्णय आपोआप संगीताच्या गुरूंकडे जातो आणि प्रमुखाने चौकट, पैसा आणि वेळापत्रक सांभाळायचं असतं. प्रमुख स्वतः गायक असला की हा मोकळेपणा जातो, कारण त्याला सगळ्यातलंच कळत असतं. तुम्ही स्वतः गायिका आहात. तबल्याच्या, सतारीच्या, सुगम संगीताच्या बाबतीत 'मला यातलं कळतं' हा विचार मुद्दाम बाजूला ठेवावा लागेल.

परदेशातलंही एक उदाहरण देतो, कारण त्यातली युक्ती सरळ उचलता येते. न्यूयॉर्कचा ऑर्फियस हा चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवाय, म्हणजे समोर उभं राहून वाद्यवृंदाला दिशा देणाऱ्या माणसाशिवाय वाजवतो. दर वेळी तीस-चाळीस जण मिळून सगळं ठरवत बसत नाहीत. प्रत्येक रचनेसाठी काही वादकांचा छोटा गट नेमला जातो. तो आधी बसून त्या रचनेचा एकंदर बेत ठरवतो, मग सगळा वाद्यवृंद तालमीला येतो आणि तिथे कुणीही बोलू शकतो. पुढच्या रचनेला गट बदलतो. तालमीच्या वेळी एखादा वादक उठून प्रेक्षागृहात जाऊन बसतो आणि बाहेर कसं ऐकू येतंय ते सांगतो. तुमच्या विभागात हे असं बसेल: अभ्यासक्रमासाठी तिघांचा गट, प्रवेशचाचणीसाठी दुसरा, मैफली आणि कार्यशाळांसाठी तिसरा. प्रत्येक गटात निदान एक तासिका तत्त्वावरची व्यक्ती हवी आणि एक साथीदार हवाच.

साथीदारांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण सामूहिक नेतृत्वाच्या गप्पा तिथेच उघड्या पडतात. बऱ्याच विद्यापीठांत तबला आणि संवादिनीचे साथीदार शिक्षकेतर कर्मचारी धरले जातात. विभागीय समितीत त्यांना जागा नाही, परीक्षेत त्यांच्या मताला गुण नाहीत, सेवापुस्तकात ते शिपाई आणि लिपिक यांच्या यादीत. आणि विभागातल्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक मुलाबरोबर, रोज कोण बसतं? तेच. गायनाचा शिक्षक आपला वर्ग ओळखतो, साथीदार सगळा विभाग ओळखतो.

तबल्यावर बसलेल्या माणसाला जे कळतं ते समोर बसलेल्या शिक्षकाला कळेलच असं नाही. एक मुलगी विलंबित एकतालात (संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालात) उत्तम आलापी करते, गळा गोड, सगळे खूश. तबलावादकाला मात्र माहीत असतं की ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येते ती त्याच्या 'तिरकिट' या बोलाकडे कान लावून. नवव्या-दहाव्या मात्रेपासून तो किंचित जोर देऊन तिला वाट दाखवतो. जोर काढला की मुखडा (समेवर आणणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ) अर्ध्या मात्रेने पुढे जातो. हे तिला कुणी सांगत नाही. साथीदार बोलत नाही, कारण बोलणं त्याच्या पदात बसत नाही. दोन वर्षांनी बाहेर पडून ती अनोळखी तबलजीबरोबर गाते तेव्हा सगळं कोसळतं, आणि दोष तिच्या नशिबाला मिळतो. विभागाकडे माहिती होती, ती वापरायची रीत नव्हती.

नियमांच्या चौकटीत राहून तुम्ही पुढच्या महिन्यातच करू शकाल अशा गोष्टी आहेत. साथीदारांना विभागाच्या बैठकीला निमंत्रित म्हणून बोलवा आणि त्यांचं म्हणणं नावानिशी इतिवृत्तात घ्या. सत्राच्या मध्यावर प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल साथीदाराचा लेखी अभिप्राय घ्या. गुण द्यायचे नाहीत, फक्त लयीबद्दल चार ओळी. तो अभिप्राय विद्यार्थ्यालाही दाखवा. लयीचा एक तास साथीदाराच्या ताब्यात द्या, जिथे तो शिकवतो आणि गायनाचे शिक्षक बाजूला बसतात. वेळापत्रक करताना त्यांना विचारा. सलग पाच तास विलंबित वाजवून सहाव्या तासाला द्रुत तीनताल वाजवणाऱ्या हाताचं काय होतं, हे वेळापत्रक आखणाऱ्याने ऐकलंच पाहिजे. पद बदलणं तुमच्या हातात नाही, पण त्यासाठीचा प्रस्ताव विभागाच्या ठरावाने वर पाठवणं आहे. तो दरवर्षी पाठवा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा मुद्दा वेगळा आहे. त्यांना तासाचे पैसे मिळतात. बैठकीचे, अभ्यासक्रम लिहिण्याचे, प्रवेशचाचणीला दिवसभर बसण्याचे मिळत नाहीत. अशा माणसाला 'तुम्हीही विभागाचं नेतृत्व करा' म्हणणं म्हणजे त्याच्याकडून फुकट काम करून घेणं, आणि हे मी अनेक ठिकाणी, चांगल्या हेतूने होताना पाहिलं आहे. ज्या दिवशी त्यांचे तास असतात त्याच दिवशी, त्याच वेळेला लागून बैठक ठेवा. अभ्यासक्रम लिहायला मानधनाची तरतूद होते का ते वित्त विभागाला लेखी विचारा. ती होत नसेल तर त्यांच्याकडे काम कमी आणि निर्णय जास्त द्या. वर्गात कोणती बंदिश, कोणत्या क्रमाने, वर्ग कसा विभागायचा, हे शंभर टक्के त्यांचं. त्यांना हा हक्क लेखी मिळाला की पुढच्या वर्षी नवा प्रमुख आला तरी त्यांना परत परवानगी मागावी लागत नाही.

आता अभ्यासक्रम. राज्यात पदव्युत्तर वर्गांना नवं धोरण २०२३-२४ पासून लागू झालं, त्यामुळे श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशेब तुम्हाला पाठ असेल. तरी तो बैठकीत फळ्यावर मांडा, कारण त्यातून खरी चर्चा सुरू होते. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. चार श्रेयांकांचं प्रात्यक्षिक म्हणजे एका सत्रात १२० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला आठ तास. वर्गात बारा मुलं असतील आणि प्रत्येकाने एकट्याने गायचं म्हटलं तर वाट्याला आठवड्याला चाळीस मिनिटं येतात, तीही शिक्षक एक अक्षर बोलला नाही तर. आकडे समोर आले की 'धोरण चांगलं की वाईट' हा वाद मागे पडतो आणि कामाचा प्रश्न पुढे येतो: हे आठ तास कसे वापरायचे? दोन तास सगळ्यांनी एकत्र बसून तंबोऱ्यावर स्वर लावायचा, दोन तास साथीदाराकडे लयीचे, उरलेल्या चारांत तिघातिघांचे गट? की एका आठवड्यात सहा जणांनाच गायला लावायचं आणि उरलेल्या सहांनी ऐकून टिपणं काढायची? हा निर्णय अभ्यास मंडळाचा नाही, तुमचाही नाही. तो त्या वर्गाचे शिक्षक आणि साथीदार यांनी मिळून घ्यायचा, आणि सत्राच्या शेवटी काय जमलं ते सगळ्यांना सांगायचं.

पदव्युत्तर पहिल्या वर्षातल्या चार श्रेयांकांच्या कार्यप्रशिक्षणाचं, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करून शिकण्याचं, तेच. बहुतेक विभागांत ते प्रमुख आपल्या ओळखीतून कसंबसं उरकतात. तुमच्या तासिका शिक्षकांपैकी कुणी ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत जात असेल, कुणी आकाशवाणीचा कलावंत असेल, कुणी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत असेल. ज्याच्याकडे ओळखी आहेत त्याच्याकडे हा विषय पूर्णपणे सोपवा. विद्यार्थी कुठे जाणार, काय शिकून येणार आणि मूल्यमापनाचा तक्ता कसा असेल, हे त्याने ठरवायचं.

बाहेरच्या कलावंतांना आणण्याच्या दोन वाटा नियमांत आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार पदवी असलेला, नामांकित गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा 'अ' श्रेणीचा आणि विषय उलगडून सांगता येणारा कलावंत नेटच्या वाटेने न येताही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. आणि २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय आहे: मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, सर्वसाधारणपणे तीन वर्षांसाठी. शाहिरी, लावणी, कीर्तन, नाट्यसंगीत यांतली जाणती माणसं विभागात यावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण त्यांना वर्षातून दोनदा शाल-श्रीफळ देऊन बसवू नका. लावणीच्या प्रश्नपत्रिकेत काय विचारायचं हे ठरवायचा हक्क त्यांना नसेल तर त्यांना आणून उपयोग नाही.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी. ते बदलाला विरोध करतात, असं तुम्ही लिहिलं आहे. आधी नीट ऐका की विरोध कशाला आहे. मी असे अनेक गायक पाहिले आहेत आणि त्यांच्या बोलण्यात बहुतेकदा एक ठोस गोष्ट असते: मला माझ्या गुरूंनी एक राग वर्ष-वर्ष शिकवला, तुम्ही मला पंधरा आठवड्यांत चार शिकवायला सांगता, मी ते करणार नाही. हे म्हणणं खरं आहे, आणि सहमती मिळवायच्या घाईत ते पुसून टाकलं तर विभागाचं नुकसान होईल. त्यांना विचारा की १२० तासांत तुम्हाला हवी तशी तालीम द्यायची तर काय सोडावं लागेल? आणि ते जे सोडायला सांगतील ते शक्य तेवढं सोडा. त्याच बरोबर त्यांच्याकडे असलेली विद्या विभागाची कशी होईल ते बघा. त्यांच्या गुरूंकडून आलेल्या बंदिशी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायचा प्रकल्प त्यांच्या हाती द्या. बजेट, एक तंत्रज्ञ, एक विद्यार्थी सहायक आणि मुदत, सगळं लेखी. कोणती बंदिश खुली ठेवायची आणि कोणती फक्त विभागात ऐकायची, हे त्यांनी ठरवायचं. त्यांचं मन राखायला म्हणून हे करू नका. ते निवृत्त झाले की या बंदिशी विभागातून कायमच्या जातील, आणि हे वेळापत्रकापेक्षा कितीतरी मोठं आहे. एवढं होऊनही ते एखाद्या ठरावाला विरोध करतील. करू द्या. त्यांचं भिन्न मत इतिवृत्तात पूर्ण लिहा आणि बहुमताने पुढे जा. सामूहिक नेतृत्वात एकाला नकाराधिकार नसतो.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर वाद्यांपासून करा. आपल्या विभागांतली कपाटं उघडून बघा: जवारी (घोडीच्या घासणीतून तारेला येणारी गुंजणारी आस) गेलेले तंबोरे, शाई उडालेले तबले, भाता फाटलेल्या पेट्या, आणि वर्गात सगळीकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. पैसे नसतात असंही नाही. जवारी काढायला मिरजेला तंबोरा पाठवायचा तर तीन दरपत्रकं मागतात, आणि हे काम दरपत्रकावर चालत नाही. कारागीर घोडीवर हात फिरवून, दोरा सरकवून कानाने काम करतो, तो विभागाच्या दारात निविदा भरायला येणार नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आधार घेऊन विशिष्ट कारागिरांकडूनच दुरुस्ती करून घेण्याचं समर्थन फाइलवर लिहिता येतं. वाद्यांच्या देखभालीसाठी वर्षाच्या सुरुवातीला एक रक्कम अग्रिम म्हणून मंजूर करून घ्या आणि ती एखाद्या साथीदाराच्या नि एका शिक्षकाच्या संयुक्त जबाबदारीवर सोपवा. कोणतं वाद्य आधी, कुणाकडे, केव्हा, हे ते ठरवतील. हिशेब तुम्ही तपासायचा, निवड नाही. तीन महिन्यांत वर्गात लागलेला तंबोरा ऐकू येईल. निर्णय खरोखर दिला गेला आहे यावर सगळ्यांचा विश्वास बसायला असं काहीतरी ऐकू यावं लागतं.

काही गोष्टी मात्र वाटायच्या नाहीत. प्रश्नपत्रिका आणि गुणांची गोपनीयता, पैशांवरची अंतिम सही, बिंदुनामावली (आरक्षित पदांची क्रमवार नोंद), ही जबाबदारी कायद्याने ज्याची त्याचीच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: विद्यार्थिनीची किंवा विद्यार्थ्याची छळाची तक्रार विभागाच्या बैठकीत कधीही आणायची नाही. संगीताची तालीम बंद खोलीत, एकास एक, गुरूवरच्या श्रद्धेवर चालते. तिथे 'आपण सगळे एक कुटुंब आहोत, आपसात मिटवू' हे वाक्य घातक ठरतं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती आहे, अशी तक्रार थेट तिथेच गेली पाहिजे. समितीतल्यांचे संपर्क विभागाच्या फलकावर लावा. तालमीच्या खोल्यांच्या दारांना काचा बसवून घ्या. यावर मतदान घेऊ नका, हे प्रमुख म्हणून तुमचं काम आहे.

राहिला तुमचा शेवटचा धाक, मुदत संपली की सगळं पूर्ववत होईल हा. विभागप्रमुखपद बहुतेक ठिकाणी तीन वर्षांनी फिरतं. पहिलं वर्ष समजून घेण्यात, दुसरं कामात आणि तिसरं निरोपात जातं. म्हणून जे वाटाल ते आदेशाच्या नव्हे, विभागीय समितीच्या ठरावाच्या रूपात ठेवा. आदेश पुढचा प्रमुख एका सहीने फिरवतो, ठराव फिरवायला बैठक बोलवावी लागते आणि तिथे ज्याचा हक्क जाणार तो समोर बसलेला असतो. प्रत्येक गटाची एक वही ठेवा: काय ठरवलं, का ठरवलं, कुणी विरोध केला, काय फसलं. तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात पुढचा प्रमुख कोण हे साधारण ठाऊक झालेलं असतं. त्या सत्राच्या बैठका त्यांनाच चालवू द्या, तुम्ही बाजूला बसा. तुमच्या विभागात ते ज्येष्ठ गायकच असण्याचा संभव आहे. मग तर बंदिशींचा प्रकल्प आणि टिपणं वाचून दाखवायची रीत त्यांच्या हाताखालून आधीच गेलेली असणं फारच आवश्यक आहे.

विद्यार्थी प्रतिनिधी घ्यावेत का, हे तुम्ही ओझरतं विचारलं आहे. घ्या. दोन, आणि त्यांतला एक पहिल्या वर्षाचा. वेळापत्रक, खोल्या, मैफली आणि कार्यप्रशिक्षण या विषयांना ते बसतील. गुणांचा किंवा एखाद्या विद्यार्थ्याचा विषय निघाला की बाहेर जातील, आणि हे आधीच सांगून ठेवा. पहिल्या बैठकीत ती मुलं काही बोलणार नाहीत. त्यांना नुसतं बसवू नका, रियाजाच्या खोल्या सकाळी किती वाजता उघडाव्यात हा एक निर्णय त्यांच्याकडे सोपवा आणि ते ठरवतील त्या वेळेला किल्ली मिळेल याची व्यवस्था करा.